मैदानाचा सातबारा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला ‘शाळेतल्या खेळांचा इतिहास, तीन-चार पानं’ असं काम दिलं. कारणं दोन. इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली आणि आठवी ते दहावी मी मुलींच्या खो-खो संघात होते. ढालींची यादी करावी, जिल्ह्यापर्यंत कोण कोण गेलं ते लिहावं, अशी त्यांची अपेक्षा असणार. यादी मी केली, ती या अंकात शेवटी दिली आहे. पण ती करताना शाळेत चार-पाच चकरा झाल्या आणि प्रत्येक वेळी मैदानाच्या फाटकाला कुलूप दिसलं. मग मी ढाली सोडून मैदानाच्या मागे लागले.

सातबारा आता घरबसल्या काढता येतो. आपल्या मैदानाचा काढला. भोगवटादाराच्या जागी संस्थेचं नाव आणि इतर अधिकारात एक जुना फेरफार क्रमांक. तलाठी कार्यालयात जाऊन तो फेरफार पाहिला तेव्हा कळलं की हे गावाचं गायरान होतं, शाळेच्या क्रीडांगणासाठी दिलेलं. सरकारी जमीन शाळेला किंवा मैदानाला नाममात्र दराने देण्याची सोय महसुलाच्या नियमांत आहे आणि ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची, ही अट तिच्यासोबत येते. म्हणजे मोबदला न घेता गुरं चारायची जागा गावाने सोडली ती मुलांनी खेळावं म्हणून. आपण दहा वर्षं ज्या मातीत लोळलो ती कुठून आली हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. इतिहासाची शिक्षिका म्हणून थोडी लाजही वाटली.

सरकारने शाळेच्या खेळांना काय दिलं, असा प्रश्न विचारला की आपल्याकडे लगेच ‘काही नाही’ असं उत्तर येतं. ते खरं नाही. सरकारने पुष्कळ दिलं, फक्त प्रत्येक काळात वेगळी वस्तू दिली. एकदा पद्धत दिली, एकदा माणूस दिला, मग स्पर्धा, मग प्रमाणपत्र, मग इमारत. त्या त्या वस्तूच्या पाठोपाठ मैदानाचं काय झालं, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून होते. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांचा ध्यास होता. स्वतः रोज घालत, त्यावर पुस्तक लिहिलं आणि संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींकडून ते घालून घेतले. दुसरीकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमींना आधार दिला आणि १९१२ साली खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं. दोघेही राजेच, पण देण्यात फरक आहे. औंधात शाळेला शिस्त मिळाली, कोल्हापुरात गावाला जागा मिळाली. खासबागेत बसायला कुठल्या शाळेचा दाखला लागत नव्हता. पुढच्या शंभर वर्षांत सरकार याच दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिलं, असं मला वाटतं.

त्याच काळात सरकारच्या मदतीची वाट न पाहता लोकांनी खूप काही केलं. अमरावतीला १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, त्याचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिकं दाखवून आलं. पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांत बसवायला घेतलं, बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ च्या सुमारास हुतूतूचे नियम छापले. हे सगळे आखाडे आणि जिमखाने सकाळ-संध्याकाळ चालत. शाळेच्या घंटेशी त्यांचा संबंध नव्हता.

घंटेशी संबंध जोडला तो १९३७ च्या निवडणुकीनंतर आलेल्या मुंबई इलाख्याच्या काँग्रेस सरकारने. बाळासाहेब खेर पंतप्रधान होते (तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत) आणि शिक्षण खातं त्यांच्याकडेच होतं. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद यांना शारीरिक शिक्षणाच्या मंडळावर घेतलं आणि १९३८ मध्ये कांदिवलीला व्यायामशिक्षक घडवणारी सरकारी संस्था सुरू झाली. मला विचाराल तर सरकारने शाळेच्या खेळांसाठी केलेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम. इमारतीवर किंवा बक्षिसांवर खर्च करण्याआधी त्यांनी शिकवणारा माणूस तयार केला. कांदिवलीहून शिकून आलेले शिक्षक गावोगावच्या शाळांत पोहोचले आणि ‘ड्रिल मास्तर’ हा शब्द मागे पडून ‘पी.टी.चे सर’ आले.

आपले पी.टी.चे सरही कांदिवलीचेच. नाव लिहायची गरज नाही, शिट्टी ऐकू आलीच असेल. सरांकडे सरकारने दिलेलं काय होतं? एक शिट्टी, डंबेल्सचा गंजका ढीग, लेझमांची पेटी, खो-खोचे दोन खांब आणि चुन्याच्या फक्कीचं पोतं. पण सर संध्याकाळी साडेपाचला घरी जात नसत. शाळा सुटली की मैदानात पहिल्यांदा आपण, मग गावातली मोठी मुलं, आणि अंधार पडता पडता सुट्टीवर आलेले फौजी. आपल्या जिल्ह्यात फौजी कमी नाहीत. अपशिंग्यासारख्या गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ चिकटलं आहे. ते फौजी आम्हाला पळायला शिकवत. श्वास नाकाने घे, टाच टेकवू नकोस, हे मला सरांनी नाही, रजेवर आलेल्या एका हवालदार काकांनी सांगितलं. सर बाजूला उभे राहून हसायचे. मैदान गावाला वापरायला देणं हा त्यांचा उपकार नव्हता आणि गावालाही तसं वाटत नसे.

सर खाशाबा जाधवांची गोष्ट दरवर्षी सांगत. कऱ्हाडजवळचं गोळेश्वर हे खाशाबांचं गाव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन खाशाबा परत आले तर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर त्यांनी कुस्त्या लावून ते पैसे फेडले. सरांच्या सांगण्यात भर घराच्या गहाणखतावर असायचा, पदकावर नाही. सरांना त्यातून सरकारवर टीका करायची होती की शिक्षकाने काय करायचं असतं हे आम्हाला दाखवायचं होतं, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. आता २०२४ पासून १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन म्हणून साजरा होतो. सर असते तर म्हणाले असते, उशिरा का होईना.

स्वातंत्र्यानंतर सरकारने स्पर्धा दिल्या. राज्यघटनेत खेळ हा विषय राज्यांच्या यादीत गेला. तेहेतिसाव्या नोंदीत, नाटक, सिनेमा आणि करमणूक यांच्या पंगतीत. खेळाकडे सरकार किती गंभीरपणे बघत होतं ते त्या पंगतीवरून समजावं. तरी कामं झाली. १९५४ मध्ये अखिल भारतीय शालेय क्रीडा महासंघ आला. त्याच वर्षी आझाद हिंद सेनेतले आपले जगन्नाथराव भोसले यांनी दिल्लीच्या निर्वासित मुलांच्या शाळेतून राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. महाराष्ट्रात १९७० मध्ये क्रीडा खात्याचं वेगळं संचालनालय झालं. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी पक्की झाली. आपण त्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवरून घसरलो. साताऱ्याला उपांत्य सामन्यात शेवटच्या पळतीला मी खांबाजवळ सूर मारला आणि गडी हाताला लागायच्या आत शिट्टी झाली. संघातल्या बाकीच्या आठजणी या स्नेहमेळाव्याला येणार आहेत. तो विषय काढू नये ही विनंती.

आणि मग १९८२. आपण आठवीत होतो. दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या, उद्‌घाटनाला सांगलीकडच्या शेतकरी-कामगारांनी लेझीम खेळून दाखवलं. आपण मात्र ते बघितलं नाही, कारण गावात टीव्ही नव्हता. गावाला ‘एशियाड’ म्हणजे एसटीची ती नवी गाडी, जिचं भाडं जास्त म्हणून आई साध्या गाडीची वाट बघायची. पण सरकारच्या दृष्टीने १९८२ हे वळण होतं. केंद्रात वेगळं क्रीडा खातं झालं, १९८४ मध्ये भारतीय खेळ प्राधिकरण आलं आणि पहिलं राष्ट्रीय क्रीडा धोरणही. नजर वर गेली. सगळ्या मुलांनी खेळावं यापेक्षा त्यातली चार मुलं पदकापर्यंत जावीत, याकडे पैसा वळला. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी क्रीडानगरी उभी राहिली, मागोमाग निवडक मुलांसाठी क्रीडा प्रबोधिनी आल्या. मी याला नाक मुरडत नाही. वर कोणी पोहोचलं की खालीही चार मुलं मैदानात उतरतात. २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. त्या रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जी रडारड झाली ती कुणी छापू नये.

त्यानंतरची भेट प्रमाणपत्राची. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण, आणि २००५ पासून सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. हेतू उत्तम. शेतमजुराचा मुलगा कबड्डीच्या जोरावर फौजदार झालेला मी स्वतः पाहिला आहे, माझ्याच वर्गात शिकलेला. पण कागदाला किंमत आली की कागदाचा बाजार भरतो. ज्या खेळाचं नाव गावात कुणी ऐकलेलं नाही त्या खेळाची प्रमाणपत्रं बाहेर पडू लागली, पुढे बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आली आणि नोकऱ्याही गेल्या. मैदानाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे: प्रमाणपत्र मिळवायला मैदान लागेनासं झालं.

आता इमारतीकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणानंतर प्रत्येक तालुक्यात क्रीडा संकुल बांधायची योजना आली. कल्पना अशी की शाळा आणि गावकरी दोघांनी ते वापरावं. तालुक्याच्या संकुलासाठी अनुदान वाढत वाढत एक कोटीवर आलं आणि २०२२ मध्ये पाच कोटी झालं. पैसा कमी नव्हता. प्रश्न जागेचा होता. मी गुंठ्यांत हिशेब मांडून पाहिला. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या आसपास. खो-खोला २७ बाय १६ मीटर, साधारण सव्वाचार गुंठे. आणि चारशे मीटरचा धावनमार्ग टाकायचा तर चार एकर, म्हणजे एकशे साठ गुंठे. आपले खेळ परसदारी मावणारे, संकुलाचा नकाशा मात्र ऑलिंपिकच्या मापाचा. चार एकर मोकळी सरकारी जमीन गावात कुठून मिळणार? ती मिळते गावाबाहेर. आपल्या तालुक्याचं संकुल असंच माळावर आहे. दुपारच्या उन्हात छान दिसतं. सातवीतली मुलगी संध्याकाळी तिथे एकटी जाईल का, हा प्रश्न नकाशा काढताना कुणी आईला विचारला नसावा. संकुल झालं आणि गावात सगळे म्हणायला लागले, आता खेळायला तिकडे जा की.

याच काळात माणूस मात्र कमी होत गेला. कांदिवलीने जो घडवला तोच. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान हवं असं परिशिष्टात लिहिलं. कला-क्रीडेच्या शिक्षकांच्या जागांवर मात्र तासाला ५० रुपये मानधनाचे अतिथी निदेशक नेमायचा निर्णय २०१५ मध्ये निघाला. पन्नास रुपयांत फक्कीचं पोतंही येत नाही. आपले सर निवृत्त झाल्यावर त्यांची जागा बरीच वर्षं रिकामी राहिली. पी.टी.चा तास गणिताला गेला आणि कुणाच्या पालकाने तक्रार केली नाही. मीसुद्धा केली नाही, माझी मुलं तेव्हा शहरात दुसऱ्या शाळेत होती आणि त्यांचाही तास गणितालाच गेला होता.

मग क्रीडांगण विकास अनुदान आलं. ही योजना चांगली आहे. जमीन सपाट करणं, धावनमार्ग, खेळाची मैदानं आखणं, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, कुंपण, अशा कामांसाठी शाळांना काही लाखांपर्यंत पैसे मिळतात. आपल्या मैदानावर त्यातून आधी कुंपणाची भिंत झाली. भिंत झाली म्हणून फाटक आलं. फाटक आलं म्हणून कुलूप आलं. बाकीच्या कामांपैकी थोडं झालं, थोडं राहिलं.

शाळेची बाजू मी ऐकून घेतली आहे आणि ती खोटी नाही. रात्री दारूच्या बाटल्या सापडत. लग्नाच्या मांडवासाठी खड्डे खणून लोक न बुजवता जात. एकदा वर्गाच्या काचा फुटल्या. मुख्याध्यापक मला म्हणाले, “बाई, पोराचा पाय बाटलीच्या काचेवर पडला तर पेपरात नाव माझं येणार, गावाचं नाही.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या काळी हे सांभाळणारे दोघं होते: पी.टी.चे सर आणि खेळाच्या खोलीची किल्ली कमरेला लावून फिरणारे शिपाईमामा. त्या दोघांचं काम आता कुलूप करतं. कुलपाला पगार लागत नाही.

गेल्या महिन्यात मी गावी मुक्कामाला होते. पहाटे साडेपाचला चालायला निघाले तर राज्य महामार्गाच्या कडेने सहा-सात मुली पळत होत्या. पोलीस भरतीची तयारी. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, आणि गोळाफेक. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून अंगावरून जात होते. एकीच्या हातात मोबाईलवर घड्याळ लावलेलं. अंतर कसं मोजता विचारलं तर म्हणाली, “ढाब्यापासून पुलापर्यंत आठशे भरतं, काकू. माझ्या भावाने गाडीच्या मीटरवर बघितलंय.” मी म्हटलं, शाळेच्या मैदानात का नाही? ती नुसती हसली. तिच्यातल्या दोघी आपल्याच शाळेतून दहावी झालेल्या. मैदानाच्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावर त्या पळत होत्या, भिंतीच्या आत जमीन रिकामी होती, आणि सातबाऱ्यावर ती क्रीडांगणासाठी दिलेली आहे.

आता आपल्या वर्गाचा विषय. १९८५ च्या दहावीच्या तुकडीतर्फे शाळेला प्रवेशद्वाराची कमान द्यायची असं ठरलं आहे. माझी वर्गणी मी दिली आहे, परत मागत नाही. कमान सुंदर होईल, वर आपल्या वर्षाची पाटी लागेल. पण एक हिशेब मी करून ठेवला आहे. तेवढ्याच पैशांत गावातल्या एखाद्या निवृत्त फौजीला मानधन देऊन पहाटे पाच ते साडेसात आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात फाटक उघडं ठेवता येईल, किमान तीन वर्षं. दोन दिवे लागतील, वीजबिल लागेल, आणि शाळेच्या शंकेखातर एक वही, ज्यात आत येणाऱ्याने सही करायची. मुख्याध्यापकांशी बोलले आहे. लेखी विनंती आली तर शाळा समितीपुढे ठेवतो, इतपत ते तयार आहेत. दोन फौजींनी होकारही दिला आहे. त्यातले एक म्हणजे तेच हवालदार काका, वय पंच्याहत्तर. त्यांना मी नको म्हटलं, तर रागावले.

हा विषय मी शनिवारच्या बैठकीत मांडणार आहे. चहाच्या आधी मांडायला द्यावा, कारण चहा झाला की सगळे फोटोला जातात.